चिमुकल्या हातांना काम



इंदापूर तालुक्यातील शेळगाव हे आमचे गाव. नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात जिथवर पोचते तिथवर ऊस, आणि पोचत नाही तिथे ज्वारी-बाजरी. आषाढात तुकोबांची पालखी अंथुर्ण्याहून निमगाव केतकीकडे जाताना आमच्या फाट्यावर थांबते. दिवाळीच्या सुमारास दुसरी माणसे येतात, ती ऊसतोडीची. बीड-नगरकडच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन उतरतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि पाचसहा महिने शिवारात नवे गाव वसते.

आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते मुलांबरोबर घरी करायच्या साध्यासुध्या गोष्टींविषयी. थोडी माती, थोडी धाटे आणि एक ताट नानकटाई. पण आधी माझी चूक सांगते.

माझा मुलगा आठ वर्षांचा. दिवाळीत अंगणात त्याने किल्ला करायला घेतला. बुरूज वाकडा झाला, मी सरळ केला. पायऱ्या ओबडधोबड झाल्या, मी पुन्हा घातल्या. फराळाच्या वेळी तो करंजी भरायला बसला, सारण सांडले, तेव्हा मी हातातली वाटी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याला हाक मारली, "अरे, ये ना, किल्ला पुरा करू." तर तो म्हणाला, "आई, तूच कर. तुझाच चांगला होतो." रागाने नव्हे बरं का, अगदी सहज म्हणाला. तेच मला फार लागले. मी किल्ला नीट केला होता आणि मुलगा घालवला होता.

दोन दिवसांत किल्ल्याच्या भिंतीला बोटबोट रुंद भेगा पडल्या. शेजारच्या रानात टोळी उतरली होती. त्यातली एक दहा-अकरा वर्षांची मुलगी पाण्याची कळशी घेऊन आमच्या नळावर येई. ती किल्ल्यापाशी थांबली आणि म्हणाली, "मावशी, नुसती काळी माती हाय व्हय? राख घाला की. भुस्सा घाला. मंग चिरत नाही."

तिचे खरे होते. आपल्या काळ्या मातीचे कण अतिशय बारीक. पाणी पिऊन ती फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या याचमुळे. तिच्यात चाळलेली राख, गव्हाचा भुस्सा किंवा लीद मिसळली म्हणजे ती एकदम आकसत नाही. कुंभारही माती अशीच तयार करतो. चिखल चांगला तुडवावा, रात्रभर ओल्या पोत्याखाली ठेवावा आणि केलेली वस्तू उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी. बैल असोत, चूल असो की बुरूज, नियम एकच.

त्या मुलीने मग कडब्याच्या गंजीतून दोन धाटे ओढली. वरची साल नखाने सोलून काढली, आतला भेंड पेरापेराने मोडला आणि बाभळीच्या काट्यांनी टाचून पाहता पाहता बैलगाडी उभी केली. चाके, जू, साटा, सारे काही. माझा मुलगा तिच्याशेजारी कधी जाऊन बसला ते मला कळलेही नाही. त्याची गाडी तिरकी झाली. या खेपेला मी हात मागे बांधून उभी राहिले. काटे मात्र मोठ्यांनी काढून द्यावेत आणि त्यांची टोके बोथट करावीत.

बालशिक्षणाच्या थोर कार्यकर्त्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तिथे कोठून आणायची? त्यांनी खडे, बिया, शंखशिंपले, पाने यांतूनच साधने केली. मुलाचा हात शिकतो तो वस्तूच्या किमतीने नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या अंगणात तर कडब्याची गंजच उभी आहे!

आता नानकटाई. भट्टी नको, साधी जाड बुडाची कढई पुरे. तिच्यात धुऊन वाळवलेली वाळू दोन बोटे पसरा, वर एक कडे ठेवा, घट्ट झाकण घाला आणि मध्यम आचेवर दहा मिनिटे तापू द्या. वाळू आच धरून ठेवते आणि सगळीकडून सारखी देते.

एक वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, पाऊण वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी थिजलेले तूप, चिमूटभर खाण्याचा सोडा, थोडी वेलदोड्याची पूड. तूप आणि साखर हाताने फेसा. हे काम मुलांचे! पिवळे तूप पांढरे, हलके होईपर्यंत फेसावे, म्हणजे त्यात हवा शिरते. आचेवर ती हवा आणि सोड्याचा वायू फुगतो व नानकटाई खुसखुशीत होते. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते. मग पिठे हलक्या हाताने मिसळा. पोळीची कणीक तिंबावी लागते, कारण तिथे चिवटपणा हवा असतो. इथे तो नको. म्हणून पाणी नाही आणि मळणे नाही. गोळे करून तूप लावलेल्या थाळीत अंतरा-अंतराने ठेवा, थाळी कड्यावर ठेवून झाका आणि मंद आचेवर वीसेक मिनिटे भाजा. कडा तांबूस झाल्या की उतरवा. गरम असताना नानकटाई मऊ लागते, कच्ची समजू नका; निवल्यावर ती कडक होते. कढईशी मुलांना जाऊ देऊ नका. आच बंद केली तरी वाळू बराच वेळ चटका देते.

त्या दिवशी ती मुलगी सवयीने उठून भांडी घासायला लागली. मी म्हटले, "तू बस. आज तुझे काम गोळे करायचे." ती क्षणभर बावरली. रोज पहाटे भाकरी थापणारे, धाकट्या भावाला कडेवर घेणारे ते हात. मला वाटले, एका घरात मुलांच्या हातांना कामच नाही आणि पलीकडच्या कोपीत काम वयापेक्षा जास्त. दोन्हीकडे बालपणच उणे होते. तिने गोळ्यांवर काडीने नक्षी काढली. स्वतःच्या वाटणीची नानकटाई तिने भावासाठी ओढणीच्या टोकाला बांधली. मी दुसरी हातावर ठेवली, तेव्हा ती तिथेच बसून सावकाश खाल्ली.

पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, टोळी गेली. धाटाची ती गाडी आमच्या फडताळावर आहे. शेजारी मुलाची तिरकी गाडीही आहे. तिला मी अजून हात लावलेला नाही.

भगिनींनो, येत्या सुट्टीत एक दुपार मुलांना द्या. पीठ सांडेल, चिखल उडेल. उडू द्या. आणि दाराशी आणखी कोणाचे मूल उभे असेल, तर त्यालाही आत बोलवा. काम करायला नव्हे. आपल्या मुलांच्या पंगतीला.