धुराची वाट बंद करावी काय?

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय वाहनचालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. इंजिनाची विद्या हा माझा प्रांत नव्हे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला एक प्रसंग कारण झाला. काही महिन्यांपूर्वी आमच्या कार्यालयाची डिझेल जीप चढावर दम टाकू लागली, काळा धूर सोडू लागली. गॅरेजमधील कारागीर म्हणाला, "साहेब, ईजीआर जाम झाला आहे. मध्ये पत्र्याची चकती टाकून वाट बंद करतो. खर्च थोडा, आणि पुन्हा त्रास नाही." मी होकार देण्याच्या बेतात होतो. इतक्यात आमच्या चालकाने विचारले, "पण मग कंपनीने ते बसवले तरी कशाला?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते शोधताना जे हाती आले, ते आपणापुढे ठेवतो.

योजनेमागील हेतू

आपल्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो निरुपद्रवी. परंतु डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. ज्वालेचे तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की हाच नायट्रोजन प्राणवायूशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे झपाट्याने तयार होतात. ती श्वसनमार्गाला दाह करतात, दमेकऱ्याचा त्रास वाढवतात. उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो. तो माणसाच्या फुप्फुसांना आणि शेतातील पिकांनाही अपायकारक असतो.

चुलीचा जाळ फार भडकला, की गृहिणी लाकूड थोडे मागे ओढते. ईजीआरचे कार्य असेच आहे. बाहेर पडणाऱ्या वायूंचा काही भाग एका झडपेतून, बहुधा थंड करून, पुन्हा इंजिनात घेतला जातो. त्यात प्राणवायू कमी असतो. त्यातील कर्बवायू व वाफ उष्णता शोषून घेतात. जाळ मंदावतो आणि विषारी ऑक्साइडे कमी निर्माण होतात.

तक्रार खोटी नाही

वाहनधारकाची तक्रार मात्र निराधार नाही. परत येणाऱ्या वायूंबरोबर काजळी येते. तिला इंजिनातील तेलाची वाफ मिळाली, की झडपेवर व हवेच्या मार्गात चिकट थर साचतो. थोड्या अंतराच्या फेऱ्या आणि इंजिन चालू ठेवून उभे राहणे यांमुळे तो वाढतो. झडप उघडीच अडकली, तर धूर वाढतो व जोर कमी होतो. अशा वेळी चकती टाकताच गाडी हलकी वाटते, यात नवल नाही. पण तो लाभ चकतीचा नव्हे. बिघडलेली झडप वाटेतून दूर झाल्याचा आहे. तीच झडप साफ केली असता गाडीचा जोर परत येतो. शिवाय पूर्ण भाराच्या वेळी बहुतेक इंजिनांत ही झडप आपोआप मिटलेली असते. त्यामुळे चकतीने ताकद वाढते, या समजुतीत फारसे तथ्य नाही.

नव्या वाहनांत तर संगणकाला ही बंद वाट लगेच कळते. इशाऱ्याचा दिवा लागतो, काही गाड्यांत वेगावर मर्यादा येते.

डोळ्यांना न दिसणारे नुकसान

कोणी म्हणेल, "आमची गाडी तर पी.यू.सी. चाचणीत उत्तीर्ण होते." येथेच गफलत होते. डिझेल वाहनांच्या त्या चाचणीत धुराची दाटी मोजली जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. चकती टाकल्यावर दिसणारी काजळी कदाचित कमी होईल, न दिसणारे विष वाढेल, आणि प्रमाणपत्र मात्र हाती राहील.

२०१५ साली फोक्सवॅगन कंपनीचे प्रकरण अमेरिकेत उघडकीस आले. चाचणीच्या वेळी नियंत्रण पूर्ण आणि रस्त्यावर ढिले, अशी तजवीज संगणकात केलेली होती. रस्त्यावर ही ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत आढळली. एका बलाढ्य कंपनीने संगणकाने जे केले, तेच आपण पत्र्याच्या तुकड्याने करावयाचे काय?

आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली. डिझेल मोटारींसाठी या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आणण्यात आली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करण्यास मनाई आहे. कलम १९० खाली हवेच्या प्रदूषणाविषयीच्या मानकांचा भंग केल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग करावे काय?

झडप व तिचा शीतक उतरवून साफ करावेत. हवेची गाळणी, इंधनाचे इंजेक्टर व टर्बोच्या नळ्या तपासाव्यात. काजळीचे मूळ पुष्कळदा तेथे असते. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे. शीतकाचे पाणी विनाकारण कमी होत असेल, तर तो गळत आहे काय ते पाहावे. गळका शीतक बदलण्यावाचून गत्यंतर नाही. उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवावे. ग्रामपंचायतीचे ट्रॅक्टर, रुग्णवाहिका, शाळेच्या बसगाड्या यांच्या दुरुस्तीची देयके मंजूर करताना "ईजीआर बंद केला" असा शेरा दिसल्यास सदस्यांनी व मुख्याध्यापकांनी जरूर विचारणा करावी.

आमच्या जीपचे काय झाले, असे आपण विचाराल. झडप साफ झाली. गाळणी धुळीने पार बुजलेली निघाली, ती बदलली. देयक चकतीच्या कितीतरी पट आले, आणि त्यावर सही करताना माझा हात क्षणभर अडखळला, हे मी लपवीत नाही. परंतु जीप आज चढ चढते. त्याच रस्त्यालगत एक प्राथमिक शाळा आहे. सकाळी प्रार्थनेला मैदानात उभी राहणारी मुले जी हवा घेतात, तिचे देयक त्यांच्या नावावर टाकण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही. म्हणून ही वाट उघडी राहू द्यावी आणि स्वच्छ ठेवावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.