मशीनची पाठ वाचा

आमच्या बचत गटाने भाड्याने द्यायला साउंड घेतला. पहिल्याच हळदीला ऑर्केस्ट्रावाल्यांच्या बेस गिटारसाठी आम्ही दोनाच्या जागी चार बॉक्स जोडले. ॲम्प्लिफायर जळाला. भाडं गेलं, दुरुस्ती अंगावर आली.

बॉक्सच्या मागे ओहम लिहिलेले असतात. 8 ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की 4 ओहम होतात. चार जोडले की 2च. ओहम जेवढे कमी, तेवढा ॲम्प्लिफायरवर ताण जास्त. आमच्या मशीनवर ‘किमान 4 ओहम’ छापलं होतं, वाचलं कुणीच नव्हतं.

वॉटही बघा. तेवढ्या ओहमला ॲम्प्लिफायर जितके वॉट देतो, तितके सगळ्या बॉक्सनी मिळून पेलले पाहिजेत.

कर्जाचा कागद वाचल्याशिवाय आपण सही करत नाही. मग मशीनची पाठ वाचल्याशिवाय वायर जोडू नका.