तीन मिनिटांचा डाव



जून २०२५. लंडनमधल्या जागतिक सांघिक ब्लिट्झ स्पर्धेत नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने महिलांच्या क्रमवारीत जगात पहिल्या असलेल्या होउ यिफानला हरवलं. प्रत्येकीला ३ मिनिटं, खेळीमागे २ सेकंदांची भर. ज्या हाताने मोहरा हलवायचा, त्याच हाताने घड्याळ दाबायचं.

सॉफ्टवेअरमध्ये मी रोज हेच अनुभवते: उत्तर नुसतं बरोबर असून भागत नाही, ते वेळेत यावं लागतं. पण क्षणात सुचणाऱ्या खेळीमागे वर्षांचा शांत सराव असतो.

आपल्या शाळेच्या कपाटात बुद्धिबळाचे पट आहेत, घड्याळ एकही नाही. मेळाव्याच्या निधीतून चार घड्याळं घेऊया. पहिलं मुलींच्या हाती देऊया.