घाट, डिझेल आणि आपोआप बदलणारे गिअर



वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून या व्यासपीठांवर वेदान्त झाला, इतिहास झाला, अर्थशास्त्र झाले. गिअरपेटीवर व्याख्यान द्यायला मात्र आजवर कोणी धजले असेल असे आम्हांस वाटत नाही. चालकांनी 'इंजिनावर बोला' म्हटले, तेव्हा आम्ही 'इंजिनापेक्षा त्याच्या सोयरिकीवर बोलू' असे उत्तर दिले. एका गाडीचे इंजिन काढून तिथे दुसऱ्या गाडीचे बसवले, तर मागच्या गिअरपेटीशी त्याचे जमावे कसे, हा आजचा विषय. तो रुक्ष वाटेल. परंतु कापूरहोळपासून वरंध घाटापर्यंत गाडीने जाणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

इंजिन बदलण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एस. टी. धावली. त्या सुरुवातीच्या ताफ्यात शेव्हर्ले, फोर्ड, बेडफर्ड, आल्बियन, लेलँड, कॉमर अशा नाना घराण्यांच्या गाड्या होत्या. त्या काळी पुष्कळ मालमोटारी पेट्रोलवर चालत, आणि पेट्रोलचा खर्च मालकाला रडवी. इंग्लंडात पीटरबरो येथे पर्किन्स कंपनीने १९३७ साली सहा सिलिंडरांचे पी-सिक्स नावाचे डिझेल इंजिन काढले. पेट्रोलचे इंजिन उतरवून त्या जागी हे बसवण्याची चाल जगभर पडली. पुढे मद्रासच्या सिंप्सन कंपनीने पर्किन्सची इंजिने आपल्या देशात बांधली. १९५४ साली टाटांनी मर्सिडीज-बेंझशी करार केला, आणि मूळचीच डिझेलची मालमोटार मिळू लागली. तरी जीपगाड्यांत डिझेल इंजिन घालण्याचे काम मिस्त्री लोकांकडे पुढेही कित्येक वर्षे चालू राहिले.

या बदलाबदलीत हाताच्या गिअरची गाडी असली, तर चूक पोटात घालायला ड्रायव्हर असतो. इंजिन दमले की तो खालचा गिअर टाकतो, ओरडू लागले की वरचा टाकतो. त्याचा कान आणि डावा पाय हीच जुळणी. परंतु गिअर आपोआप बदलणारी पेटी असली म्हणजे हा माणूस मधून निघून जातो, आणि त्याची अक्कल पेटीत आधीच भरून ठेवलेली असते. ती अक्कल जुन्या इंजिनाची असते, घोटाळा होतो तो इथेच.

आमच्याकडे असे एक प्रकरण आले होते. वेल्ह्याकडच्या एका गृहस्थांनी लिलावात एक परदेशी बनावटीची मोठी गाडी घेतली. आठ सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, तीन गिअरांची आपोआप चालणारी पेटी. गाडी डौलदार, पण पेट्रोल पिई ते एखाद्या विहिरीच्या मोटेसारखे. दादांनी एका ट्रकचे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन आणले आणि म्हणाले, "हे बसवा. पेटी तीच ठेवा. आईला गुडघ्यांमुळे क्लच नसलेलीच गाडी शिकवायची आहे." सत्तरीची आई गाडी शिकणार, याचेच आम्हांला इतके कौतुक वाटले की पुढचा विचार आम्ही घाईने केला.

इंजिन आणि पेटी यांच्यामध्ये जाड पत्र्याची तबकडी लेथवर करून घेतली. मध्यबिंदू दोन केसांनी जरी हलला, तरी पेटीचा पुढचा तेलपंप फुटतो. म्हणून डायल लावून दोन दिवस घासाघीस केली. ते काम चांगले झाले. इतके चांगले, की पुढे सगळे तसेच होईल असा आमचा समज झाला.

आता पेटीच्या तोंडाशी असते ते तेलाचे भांडे समजून घेऊ. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. हर्मान फोटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९०५ साली ही कल्पना मांडली, आणि तीही जहाजांसाठी. भाटघरच्या धरणावर पाण्याच्या जोराने चाक फिरते आणि वीज होते, हे आपण पाहिले आहे. इथे पाण्याऐवजी तेल आहे. इंजिनाचे चाक तेल फेकते, समोरचे चाक त्या तेलाने फिरते, आणि मध्ये एक अडते चाक परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून जोर वाढवते. गाडी उभी असताना हा जोर सुमारे दुप्पट होतो.

या भांड्याचा एक हिशेब आहे. ब्रेक दाबून धरला आणि पूर्ण रेस दिली, तर इंजिन अमुक फेऱ्यांवर जाऊन अडते. त्या फेऱ्या इंजिनाच्या पिळाच्या जोराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतात. समजा, पेट्रोल इंजिनाचा पीळ ३२ किलोग्रॅम-मीटर आणि अडण्याचा वेग मिनिटाला १,८०० फेऱ्या. डिझेलचा पीळ २० असला, तर तेच भांडे त्याला सुमारे १,४०० फेऱ्यांवर अडवील. ट्रकच्या डिझेलचा खरा जोर साधारण तिथेच असतो, तेव्हा आमचे नशीब बरे. उलट, लहान पेट्रोल इंजिनाच्या मागे भारी डिझेल लावले असते, तर ते २,५०० फेऱ्यांवर जाऊन नुसते ओरडले असते, आणि गाडी जागची हलण्यापूर्वी तेल तापले असते. गाडी उभी असताना इंजिनाची सगळी शक्ती तेलात उष्णता होऊन मुरते. ६० अश्वशक्ती म्हणजे जवळजवळ ४४ किलोवॅटची शेगडी. म्हणून तेल थंड करणारी जाळी मोठी लावावी. यात काटकसर करू नये.

तेव्हा गाडी सुरू झाली. लिव्हर ओढताच असा गचका बसला, की मागच्या सीटवरचा मुलगा पुढे आला. आणि गाडी पहिला गिअर सोडीना! पाबे घाट चढून गेलो, उतरून सपाटीला आलो, तरी पहिलाच. कारण असे, की ही पेटी दोन गोष्टी पाहून गिअर बदलते: चाकांचा वेग, आणि इंजिनावरचा भार. वेग मोजायला फिरणारी वजने असतात. भार मोजायला इंजिनाच्या हवा ओढण्याच्या नळीतला निर्वात. पेट्रोल इंजिनात पाय काढला की निर्वात वाढतो. डिझेलला तिथे झडपच नाही, म्हणून निर्वातही नाही. पेटीला वाटले, ड्रायव्हर सदैव पूर्ण रेस देतो आहे! जुन्या इंजिनाने पूर्ण रेसमध्ये गिअर बदलायचा तो ४,००० फेऱ्यांना, आणि डिझेलचा गव्हर्नर २,८०० ला हात जोडतो. तेव्हा दुसरा गिअर येणार कुठून?

यावर आमच्या मिस्त्रीने तोड काढली. ब्रेकसाठी निर्वाताचा पंप होताच; त्याची एक नळी सरळ पेटीला जोडली. काय गुळगुळीत गाडी चालली म्हणता! आजी खुश, दादा खुश, आम्हीही पेढे खाल्ले. तिसऱ्या आठवड्यात तेल काळे पडले आणि करपल्याचा वास आला. आता पेटीला उलटेच वाटत होते: ड्रायव्हरने पाय उचललेला आहे, भार मुळीच नाही. म्हणून ती आतल्या क्लचप्लेटांवर दाब अगदी कमी ठेवी. प्लेटा घसरत होत्या, आणि त्या घसरण्यालाच आम्ही गुळगुळीतपणा म्हणत होतो.

मग जे पहिल्या दिवशी करायचे ते केले. डिझेल पंपाच्या लिव्हरवर निर्वात कमी-जास्त करणारी झडप बसवली, म्हणजे पाय जसा पडेल तसा भार पेटीला कळावा. फिरती वजने बदलून जड घेतली, म्हणजे गिअर २,५०० च्या आसपास बदलावा. मागचा क्राउन-पिनियनही बदलायला सांगितला. मूळ प्रमाण चारास एक. पहिल्या गिअरचे अडीच धरले, तर चाकापाशी पेट्रोलचा पीळ ३२० होता, तो डिझेलचा २०० झाला. पाचास एक केले, तर २५० होतो. वरच्या गिअरचा वेग ताशी शंभरावरून ऐंशी किलोमीटरवर येतो. दादा कुरकुरले. आम्ही म्हटले, भोर-वेल्ह्यात ऐंशीने जायला रस्ता कुठे आहे ते दाखवा, मग बोलू.

एवढे सगळे जमले, आणि खरी चूक त्यानंतर उघड झाली. दादा माणसे घेऊन वरंध घाटाने महाडकडे उतरत होते. लिव्हर 'डी'वरच. पाय उचलला, पेटीने भार नाही असे पाहून वरचा गिअर घेतला, आणि इंजिन मंद फिरत राहिले. पेट्रोल इंजिन पाय उचलल्यावर हवा अडवून थोडे ओढून धरते. डिझेल तितके धरीत नाही, आणि मधले तेलाचे भांडे उलट्या दिशेने आणखी ढिले. सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापले, वास सुटला, पेडल खाली जाऊ लागले. दादांनी दरीची बाजू सोडून गाडी डोंगराकडच्या गटारात घातली. एक फेंडर गेला. माणसे पायी उतरली.

आपल्याकडचे जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरात घाट चढलात त्याच गिअरात उतरा. आपोआपच्या पेटीतही तो नियम पाळता येतो; त्यासाठीच लिव्हरवर 'एक' आणि 'दोन' लिहिलेले असतात. पण तो घाटमाथ्यावर, वेग कमी असताना टाकायचा. गाडी सुटल्यावर 'एक' ओढला, तर चाकेच इंजिनाला गव्हर्नरच्या पलीकडे फिरवतील. गव्हर्नर डिझेल बंद करू शकतो, उताराला नाही. हे आम्हांला माहीत होते. झडप, वजने, पिनियन यांच्या गडबडीत गाडी ताब्यात देताना ते सांगायचे राहिले. त्या दिवशी गाडीत सहा माणसे होती.

जाता जाता कायद्याचे एक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली गाडीत असा फेरफार मनास येईल तसा करता येत नाही. ज्यांच्या डोक्यात हे ऐकून इंजिन बदलण्याचा बेत आला असेल, त्यांनी लेथकडे जाण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जावे.

आजी गाडी शिकल्या. आता घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून त्या स्वतः लिव्हर 'दोन'वर ओढतात, आणि शेजारी कोणी बसले असेल तर त्याला का ओढला ते सांगतात. प्रश्न असतील त्यांनी विचारावेत. अध्यक्षांनी आम्हांस दहा मिनिटे दिली आहेत.