झोपलेल्या माणसाची साक्ष



आजच्या विषयाची पाटी बाहेर वाचून काही मंडळींना हसू आले असेल, तर त्याचा आम्हाला मुळीच राग नाही. 'गाढ झोपेत असता, आपल्याला पडलेले हे स्वप्न आहे, हे स्वप्नातच कळते,' असे कोणी सांगू लागला की व्यवहारी माणसाला वाटते, हा गृहस्थ एक तर अर्धवट जागा असला पाहिजे, नाही तर आपल्याला बनवीत असला पाहिजे. ही शंका रास्त आहे. इतकेच नव्हे, तर या विषयाचे जे काही शास्त्र आज उभे आहे, ते या शंकेला उत्तर देता देताच उभे राहिले आहे. ते कसे, हेच आज आम्हाला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा करू. पाश्चात्त्य अभ्यासक ज्याला 'ल्यूसिड ड्रीम' म्हणतात, त्याला आम्ही येथे 'सभान स्वप्न' म्हणणार आहोत. आरामखुर्चीत पडून मनोराज्य करणे म्हणजे सभान स्वप्न नव्हे. कारण तेथे माणूस जागा असतो. दृष्टान्त किंवा साक्षात्कार हाही आमचा विषय नव्हे. नामदेवांनी स्वप्नात येऊन आपल्याला कवित्व करण्यास सांगितले, असे तुकोबा सांगतात. तो श्रद्धेचा प्रांत आहे, तेथे आम्ही शिरत नाही. आपली नेहमीची स्वप्ने हरिश्चंद्राच्या जातीची असतात. राजाने स्वप्नात राज्य देऊन टाकले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. देते वेळी 'हे तर स्वप्न आहे' असे भान त्याला असते, तर विश्वामित्रांची मोठी पंचाईत झाली असती! ते भान असणे, आणि तेही झोप न मोडता असणे, एवढाच सभान स्वप्नाचा अर्थ. स्वप्न मनासारखे वळवता येणे ही निराळी गोष्ट आहे. ती कधी साधते, पुष्कळदा साधत नाही.

अनुभव म्हणून ही गोष्ट जुनी आहे. झोपेत कधी कधी मनातलेच काहीतरी 'हे स्वप्न आहे' असे सांगते, अशी नोंद ॲरिस्टॉटलने केली आहे. तिबेटातील बौद्ध साधकांत तर स्वप्नात भान ठेवण्याची साधनाच आहे. फ्रान्समधील चिनी भाषेचे पंडित हेर्वे द सँ-दनी हे किशोरवयापासून आपली स्वप्ने लिहून ठेवीत. स्वप्ने आणि ती वळवण्याचे उपाय यांवर त्यांनी १८६७ साली नाव न घालता ग्रंथ छापला. हॉलंडमधील डॉक्टर व लेखक फ्रेडरिक व्हान एडन यांनी १८९८ ते १९१२ या काळात स्वतःची ३५२ सभान स्वप्ने टिपली, आणि १९१३ साली त्यांवर निबंध लिहून 'ल्यूसिड ड्रीम' हा शब्द रूढ केला. गृहस्थ मोठा चिकित्सक. एका स्वप्नात काचेचा पेला फोडून पाहावा म्हणून त्यांनी त्यावर जोराने मूठ मारली. पेला शाबूत! जरा वेळाने पाहतात तो फुटलेला. नाटकातला नट आपली वेळ चुकून उशिरा रंगभूमीवर यावा तसे ते झाले, असे त्यांनी गमतीने म्हटले आहे.

पण मंडळी, हा सारा पुरावा कसला? जागे झाल्यावर सांगितलेल्या हकीकतींचा. कोर्टात असा साक्षीदार उभा केला, तर विरुद्ध बाजूचा वकील दोन प्रश्नांत त्याला गप्प बसवील. 'तुम्हाला भान आले ते झोपेत की जाग येता येता? आणि झोपेत आले, हे आम्ही कशावरून मानावे?' अमेरिकेतील तत्त्वज्ञ नॉर्मन माल्कम यांनी तर १९५९ साली आणखी पुढे जाऊन म्हटले की, 'मी झोपलो आहे' हे विधानच निरर्थक आहे. जो खरोखर झोपला आहे, तो असे विधान करूच शकत नाही. युक्तिवाद बिनतोड वाटतो. झोपलेल्या माणसाची साक्ष झोपेतच घेता आली, तरच त्याला उत्तर मिळणार. आणि झोपलेला माणूस बोलणार कसा?

याची वाट एका निराळ्याच शोधाने खुली झाली. १९५३ साली शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की व नेथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, झोपेत ठरावीक वेळाने पापण्यांआड डोळ्यांची बुबुळे वेगाने हलू लागतात, आणि त्या वेळी उठवलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात. या झोपेचा फेरा सुमारे दर दीड तासाने येतो व पहाटेकडे लांबत जातो. पुढे असेही आढळले की, या अवस्थेत हातपायांचे स्नायू जवळजवळ लुळे पडलेले असतात. हे निसर्गाने बरेच केले आहे. नाही तर स्वप्नात पळणारा माणूस पलंगावरून थेट जिन्यात जाता! मात्र श्वास चालू राहतो, आणि डोळे मोकळे राहतात.

इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न या तरुण संशोधकाने नेमके हेच हेरले. तोंड बंद, हात बंद, पण डोळे चालू आहेत ना? मग डोळ्यांनीच खूण करावी. ॲलन वर्स्ली या गृहस्थांना वारंवार सभान स्वप्ने पडत. ठरले असे की, स्वप्नात भान येताच त्यांनी डोळे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, असे मोजून फिरवावयाचे. मेंदू, डोळे व स्नायू यांच्या हालचाली टिपणारे यंत्र जोडलेलेच होते. एप्रिल १९७५ मधील एका सकाळी कागदाच्या पट्टीवर ती ठरलेली मोठी, सारख्या अंतराची वळणे उमटली, आणि त्याच क्षणी बाकीच्या रेषा सांगत होत्या की माणूस झोपेत आहे. पुढे काही वर्षांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हाच प्रयोग केला, व १९८१ साली तो प्रसिद्ध झाला.

कोणी म्हणेल, डोळे तर त्या झोपेत हलतातच. योगायोगाने तसे हलले असतील. पण ती हालचाल विस्कळीत असते. आधी ठरवलेली खूण मोजून उमटते, आणि जागा झाल्यावर तो माणूस 'मी अमुक वेळा खूण केली' असे सांगतो. दुसरी शंका अशी की, क्षणभर जाग आली असेल. तशी आली असती तर हनुवटीच्या स्नायूंचा ताण परत आला असता व मेंदूची रेघ बदलली असती. ती बदलली नाही.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मजल आणखी पुढे गेली. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी व नेदरलँड्स या चार देशांतील प्रयोगशाळांनी मिळून ३६ व्यक्तींना झोपेत चक्क प्रश्न विचारले. एका तरुणाला विचारले गेले, आठातून सहा गेले किती? त्याने झोपेतच डोळे दोनदा डावी-उजवीकडे फिरवले. आता हिशेबही सरळ सांगितला पाहिजे. सभान असल्याची खूण मिळाल्यावर १५८ वेळा प्रश्न विचारले गेले; बरोबर उत्तर सुमारे १८ टक्के वेळाच आले, आणि साठ टक्क्यांहून अधिक वेळा काहीच उत्तर आले नाही. तेव्हा ही किमया नव्हे. पण माल्कम यांच्या युक्तिवादाला एकच खरे उत्तर पुरेसे आहे, आणि येथे तशी अनेक मिळाली.

आता आपण विचाराल, याचा संसारात उपयोग काय? ज्यांच्या घरी कोणी रोज रात्री तेच भयंकर स्वप्न पाहून दचकून उठते, त्यांना हा प्रश्न पडणार नाही. अपघातातून वाचलेला माणूस दिवसा कामावर जातो, आणि रात्री पुन्हा त्याच गाडीखाली सापडतो. त्याला 'अरे, ते स्वप्नच आहे' असे आपण सकाळी सांगून काय लाभ? ते त्याला स्वप्नात कळले पाहिजे. या दिशेने उपचाराचे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेतील निद्रावैद्यांच्या संघटनेने २०१८ साली दुःस्वप्नांच्या विकारावर वापरता येण्याजोग्या उपायांत याचाही समावेश केला. पहिली पसंती मात्र दुसऱ्या उपायाला दिली, ज्यात वाईट स्वप्नाचा शेवट जागेपणी बदलून मनात घोळवावयाचा असतो. पुरावा अजून थोडा आहे, म्हणून दावाही थोडाच करावा.

ज्यांना स्वतः पाहावयाचे असेल, त्यांच्यासाठी वाट साधी आहे व तिला पैसा लागत नाही. उशाशी वही ठेवावी, उठताच स्वप्न लिहावे. दिवसातून काही वेळा 'हे स्वप्न तर नाही ना?' असे खरोखरीच तपासावे. छापील ओळ वाचून, नजर वळवून पुन्हा वाचावी, कारण स्वप्नात ती बहुधा बदललेली असते. पहाटे जाग आली तर पुन्हा झोपताना 'पुढचे स्वप्न मी ओळखीन' असा निश्चय करावा. पन्नास वर्षांतील अनेक पाहण्या एकत्र करून २०१६ साली काढलेला अंदाज असा की, निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. तेव्हा या सभागृहातही तसे अनेक असतील. मात्र रोज झोप मोडून हा नाद करू नये. आणि ज्यांना भास होतात, किंवा ज्यांच्यावर मनाच्या आजाराचे उपचार चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून यात पडू नये. 'सात दिवसांत हमखास' म्हणून यंत्र वा गोळी विकणारा भेटला, तर त्याला खुशाल आपली मूळची शंका दाखवावी.

तात्पर्य, दुसऱ्याच्या मनातले आपल्याला दिसत नाही म्हणून ते खोटे, असे म्हणण्याची घाई करू नये; आणि तो सांगतो म्हणून ते खरे, असेही मानू नये. त्याने खूण कशी करावी, याची सोय आपण शोधावी. हल येथील त्या खोलीत जे झाले, ते एवढेच.