भीमाच्या बायकोला कुणी विचारलं?

जेवणाची भांडी घासून, पोरांना शाळेत धाडून तुम्ही रेडिओपाशी बसला असाल. कुणी पापड लाटत असेल, कुणी लसूण सोलत असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आम्ही पनवेलच्या बचत गटांचं काम बघतो. गटाच्या बैठका, वह्या, बँकेच्या चकरा, हेच आमचं रोजचं. पुस्तकांवर बोलणं हे काही आमचं काम नाही. पण आज एका लेखकाबद्दल बोलायचं आहे. १ ऑगस्टला त्यांची जयंती. चौकात त्यांच्या फोटोला हार घातलेला तुम्ही दरवर्षी बघता. ते अण्णा भाऊ साठे. गेल्या वर्षी त्यांच्या एका गोष्टीनं आमच्या गटाला चांगलंच जागं केलं. तेच सांगायला आलो आहोत.

आधी माणूस कोण होता ते ऐका. खरं नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२०, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, वाटेगावला. मातंग समाजातलं, हातावर पोट असलेलं घर. शाळा किती, तर लोक सांगतात दीड दिवस. गावात पोट भरेना म्हणून घरची माणसं मुंबईला निघाली, आणि तीही पायी. मजल दरमजल, वाटेत मिळेल ते काम करत. पोरगा तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. मुंबईत त्यानं कोळसे वेचले, हमाली केली, गिरणीत काम केलं. अक्षरं शिकला ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचून.

हे ऐकून आमच्या गटातली एक मावशी म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखंच की! मी पण एसटी स्टँडवर गाड्यांच्या पाट्या बघून बघूनच अक्षर ओळखायला लागले." मावशी आता अंगठा देत नाही, सही करते.

पुढं हा माणूस शाहीर झाला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' ही छक्कड गावोगाव गाजली. गावी राहिलेली बायको आणि मुंबईत कामाला आलेला नवरा, त्यांच्या ताटातुटीतून त्यांनी महाराष्ट्राचं तुटलेपण सांगितलं. सांगली-साताऱ्याकडून इकडे आलेल्या आपल्या कितीतरी घरांची हीच कथा आहे. नवरा पनवेलला, बायको गावी, आणि मधे एसटी.

त्यांनी तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' १९५९ साली आली आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. 'वैजयंता'तली तमाशात नाचणारी बाई त्यांनी मानानं उभी केली. हे सगळं लिहिणारा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहत होता. १८ जुलै १९६९ ला तो गेला, तेव्हा त्याची पन्नाशीसुद्धा झाली नव्हती.

आता आमच्या गटाचं सांगतो. गटात बारा जणी. महिन्याला शंभर रुपये बचत, आणि आपसात कर्ज शेकडा दोन रुपये व्याजानं. एकीचा नवरा खडी क्रशरवर कामाला. पनवेलच्या आजूबाजूला डोंगर फोडून खडी काढतात, ते तुम्हाला माहीत आहे. त्या खडीवर आपल्या भागातले रस्ते आणि इमारती उभ्या राहिल्या. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तो क्रशर बंद पडला. तिनं एप्रिल आणि मे महिन्यांचे हप्ते बरोबर भरले, दीड-दीड हजार. जूनचा चुकला. जुलैचाही चुकला. दोन बैठकांना ती आलीच नाही.

जुलैच्या बैठकीत विषय निघाला. पंचसूत्री आम्हीच सगळ्यांना पाठ करायला लावलेली : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशेब लेखन. कुणी म्हणालं, तिचं नाव कमी करा. कुणी म्हणालं, बचतीतून कर्ज वळतं करा. आम्हीही मान डोलावली. खरं सांगायचं तर आम्हाला वहीची काळजी जास्त होती. वही खराब दिसली तर बँक पुढचं कर्ज देताना दहा प्रश्न विचारते.

त्या दिवशी गटातल्या एकीची बारावीतली मुलगी आली होती. जयंतीला वाचायला म्हणून तिनं वाचनालयातून अण्णा भाऊंच्या कथा आणल्या होत्या. बैठक संपल्यावर तिनं 'स्मशानातील सोनं' वाचून दाखवली.

गोष्ट अशी. भीमा नावाचा दांडगा पैलवान गडी वारणेकाठच्या गावातून मुंबईला येतो. काम मिळत नाही. मग उपनगराच्या कडेला डोंगरातल्या खाणीत दगड फोडायचं काम मिळतं. बायको, लाडकी लेक, सगळी सुखात असतात. तोच खाण बंद पडते. घरी परतताना त्याला स्मशानातल्या राखेत सोनं सापडतं. मग तो राख चाळायला लागतो. पुढं तर रात्री पुरलेली मढी उकरून अंगावरचं सोनं काढायला लागतो. पोटासाठी कोल्ह्यांशी झुंजतो. एका रात्री मढ्याच्या तोंडात सोनं शोधताना त्याची बोटं जबड्यात अडकतात, आणि शेवटी ती कायमची जातात. आणि मग बातमी येते, खाण पुन्हा सुरू झाली. पण दगड फोडणारा हात आता राहिलेला नसतो. एवढा मोठा गडी लहान पोरासारखा रडतो.

मुलीनं पुस्तक मिटलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्या खजिनदार ताई म्हणाल्या, "खाण बंद पडल्यावर भीमाच्या बायकोला शेजारच्या कुणी विचारलं का गं, की चूल कशी पेटते?"

हा प्रश्न आम्हाला लागला. आमच्या मैत्रिणीचं घर बैठकीच्या जागेपासून दहा मिनिटांवर. दोन महिन्यांत आमच्यातली एकही तिकडे गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी गेलो. ती आधी दारातच उभी राहिली, आत या म्हणेना. मग चहा ठेवला आणि सांगितलं. एप्रिल आणि मेचे आमचे हप्ते तिनं भरले होते ते मंगळसूत्राच्या वाट्या गहाण टाकून. तीन हजार रुपये, शेकडा दहा व्याजानं. गळ्यात नुसती काळी पोत होती. "हप्ता चुकला तर बायका काय म्हणतील, याची लाज वाटली," म्हणाली.

मैत्रिणींनो, ते दोन हप्ते आमच्या वहीत 'वेळेवर' असे लिहिले होते. अक्षर आमचंच. त्याला नियमित परतफेड म्हणून आम्ही शाबासकी दिली होती. महिन्याला शेकडा दोनचं आमचं कर्ज ती शेकडा दहाचं कर्ज काढून फेडत होती, आणि आमची वही स्वच्छ दिसत होती.

आम्ही पुन्हा बैठक बोलावली. तिला ३,९०० रुपये नवीन अंतर्गत कर्ज दिलं : तीन हजार मुद्दल आणि तीन महिन्यांचं नऊशे व्याज. वाट्या सोडवून आणल्या. तीनशेच्या जागी आता महिन्याला ७८ रुपये व्याज झालं. जुन्या कर्जाचं दसऱ्यापर्यंत फक्त व्याज घ्यायचं ठरलं. सगळ्या राजी नव्हत्या. एक जण म्हणाली, "माझी लेक बाळंतपणाला आली आहे, माझ्या पैशाचं काय? उद्या सगळ्याच म्हणतील, आम्हाला सूट द्या." तिचंही चूक नव्हतं. तो पैसा तिच्या घामाचा आहे. म्हणून आम्ही ठरावात लिहून घेतलं, की काम बंद पडलं तर पंधरा दिवसांच्या आत गटाला सांगायचं, आणि गटातल्या दोघींनी घरी जाऊन बघायचं. सांगेल तिलाच सवलत.

क्रशर दिवाळीनंतर सुरू झाला. तोवर तिचा नवरा नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करत होता. दोन्ही कर्जं यंदा मार्चमध्ये फिटली. ती बाई मात्र अजून म्हणते, की नियम मोडायला नको होता. बैठकीला येते आणि शेजारी बसते, एवढं पुष्कळ आहे.

२ मार्च १९५८ ला मुंबईत दलित साहित्य संमेलनात अण्णा भाऊंनी सांगितलं होतं, की ही पृथ्वी शेषाच्या डोक्यावर नाही, ती दलित आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे. आपण ते वाक्य फलकावर लिहितो. पण तो तळहात कुणाचा, त्याची बोटं शाबूत आहेत का, हे बघायला दहा मिनिटं चालून जावं लागतं.

या १ ऑगस्टला हार तर घालाच. पण त्या आठवड्यातल्या बैठकीत, वह्या उघडायच्या आधी, त्यांची एक गोष्ट मोठ्यानं वाचा. जिला वाचता येतं तिनं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. आणि बैठकीला कोण आलं नाही, ते वाचून झाल्यावर एकदा मोजा.