परदेशीं शिकावयास जाणाऱ्या तरुणांस



आजच्या लेसोथो देशांतील रोमा गांवीं १९४५ सालीं कॅथॉलिक बिशपांनीं एक महाविद्यालय स्थापिलें. त्याचेंच रूपांतर होत होत १९७५ सालीं तेथील राष्ट्रीय विद्यापीठ झालें. तेथें जाणाऱ्या तरुणांस आम्ही दोन गोष्टी सांगूं इच्छितों.

पहिली देहाची. तो सबंध देश समुद्रसपाटीपासून सुमारें १,४०० मीटरांहून उंच आहे. ऋतु आपल्या उलट. जून-जुलैंत कडक थंडी, डोंगरांवर बर्फ. तेथील लोकांप्रमाणें लोकरी घोंगडी पांघरण्यास लाजूं नका. मक्याच्या पिठाचा 'पापा' व 'मोरोहो' नांवाची पालेभाजी हें अन्न भाकरी-भाजी खाणाऱ्यास फार दिवस परकें वाटत नाहीं.

दुसरी मनाची, व तीच अधिक कठीण. खोलींत कोंडून घेऊन घरच्या आठवणींनीं झुरणारा विद्यार्थी अर्ध्यांतून परततो. मागें बापाचें कर्ज तेवढें उरतें. सेसोथो भाषेंत 'लुमेला' म्हणजे नमस्कार. तेथें अनोळखी पुरुषासहि 'न्ताते', म्हणजे बाबा, आणि स्त्रीस 'म्मे', म्हणजे आई, म्हणतात. अशा देशांत पोरकें कां राहावें? मात्र पाहुणे तुम्ही आहां. पहिला नमस्कार तुम्हींच केला पाहिजे.

परमेश्वर तुम्हांस यश देवो.